नव्या साच्यातली पहिली होडी

बिडाचा नवा तवा घरी आला की जाणती बाई त्यावर लगेच घावन घालीत नाही. आधी तो घासते, धुते, वाळवते. मग तेल लावून चुलीवर तापवते. पुन्हा तेल, पुन्हा ताप. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवते. असे दोन-चार दिवस चालते, मग कुठे पहिले घावन पडते. कुणी घाई केली तर घावन तव्याला असे धरते की उलथन्याने खरवडून काढावे लागते. पण त्यात जाते काय? पळीभर पीठ. कोंबड्यांना घातले की झाले.

आता असा तवा डोळ्यांपुढे आणा, की जो अठरा फूट लांब आहे, जो करायला दीड महिना लागला आहे, आणि ज्यावर पडायचे घावन म्हणजे एक अख्खी होडी आहे. ती चिकटली तर? होडी गेलीच, पण तवाही गेला.

हा तवा म्हणजे फायबरच्या होडीचा साचा. आम्ही किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये अशा होड्या करतो. फायबरच्या कामाला नवीन माणूस आला की तो मॅट कापायला शिकतो, रोलर फिरवायला शिकतो. पण नवा साचा कसा धरू नये हे त्याला कुणी नीट बसवून सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहोत. होडीच काय, पाण्याची टाकी, खुर्ची, मोटारसायकलचा मडगार्ड, काहीही करा, गोष्ट तीच आहे.

फायबर म्हणजे काय?

काच वितळवून तिचे केसाहून बारीक धागे ओढतात. ते तुकडे करून पसरतात आणि त्यांची चटई करतात. तिला मॅट म्हणतात. नुसती मॅट लुळी असते. ती रेझिनमध्ये भिजवायची. रेझिन म्हणजे काकवीसारखा दाट रस. त्यात हार्डनर नावाचे पातळ औषध थोडेसे घातले की तो रस आपोआप तापतो आणि घट्ट होतो. घराच्या स्लॅबमध्ये सळया आणि सिमेंट असते ना, तसेच हे. काच म्हणजे सळया, रेझिन म्हणजे सिमेंट. अमेरिकेत १९४० नंतरच्या काही वर्षांत अशा होड्या होऊ लागल्या. १९५३ साली तिथे एका मोटारीची सगळी बॉडीच या मालाची करून ती विक्रीला काढली.

होडी काही हवेत उभी करता येत नाही. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात. त्याला आम्ही प्लग म्हणतो. त्याला पुट्टी भरतात, रंग देतात, आरशासारखा होईपर्यंत घासतात. त्या प्लगवर मॅट आणि रेझिनचे थर चढवून साचा करतात. साचा प्लगवरून उतरवला की तो आतून होडीच्या आकाराचा पोकळ निघतो. मग त्याच्या आत होडी करायची. पहिला थर रंगीत जेलकोटचा, त्यावर मॅटचे थर. वाळली की बाहेर काढायची. मोदकाचा साचा जसा, तसेच.

पण मोदकाचा साचा लाकडाचा असतो आणि मोदक पिठाचा. इथे साचाही फायबरचा आणि होडीही फायबरची. सगळी गोम इथेच आहे. होडीला तडा गेला की आपण काय करतो? तिथे मॅट आणि रेझिन लावून ठिगळ मारतो. ते घट्ट बसते, सुटत नाही, म्हणूनच मारतो. मग साच्यात लावलेली नवी होडी म्हणजे साच्याला मारलेले अठरा फुटी ठिगळच की! ते ठिगळ बसू नये, एवढ्यासाठी पुढची सगळी खटपट.

आमची एक होडी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मच्छीमार भावाने होडीसाठी बयाणा दिला होता. पैसे त्याने व्याजाने उचललेले. नारळीपौर्णिमेला होडी पाण्यात पाहिजे, असे ठरलेले. आमच्याकडे त्या मापाचा साचा नव्हता. म्हणून पावसाळ्यात प्लग केला, साचा केला. जुलैचा महिना. बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये ओल, भिंतीला बुरशी. साचा प्लगवरून उतरवला तेव्हा पौर्णिमेला थोडेच दिवस राहिले होते.

साच्याला रेझिनचा भपकारा येत होता. आम्ही म्हटले, येऊ दे, नवीन आहे. तिसऱ्याच दिवशी मेण लावायला घेतले. सकाळी एकाने लावले, दुपारी दुसऱ्याने लावले. संध्याकाळी मेस्त्रींनी विचारले, “मेणाचे किती हात झाले रे?”

एक म्हणाला, “चार.” दुसरा म्हणाला, “सहा तरी असतील.”

“काठाला लावलं का?”

यावर कुणीच बोलले नाही. म्हणजे लावले असेल, असेच जो तो समजला.

जेलकोट मारला, मॅट चढवली. दोन दिवसांनी पाचरी घेऊन होडी सोडवायला बसलो. पुढच्या टोकाकडे सुटली. मधे हलेना. काठ तर असा धरलेला की साचा कुठे संपतो आणि होडी कुठे सुरू होते ते कळेना. पाचर ठोकली, मोठी पाचर ठोकली. मग कुणीतरी लोखंडी पहार आणली. कडाड असा आवाज झाला. आम्हांला वाटले, सुटली. पाहतो तो साच्याचा जेलकोट होडीला चिकटून पपडीसारखा निघाला होता. हाताएवढा तुकडा.

शेवटी होडी करवतीने कापून काढली. साचाही दुरुस्त होण्यापलीकडे गेला. त्या भावाला होडी मिळाली ती दसऱ्यानंतर. तोवर तो दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीने जात होता, आणि व्याज चढत होते. तो आम्हांला एका शब्दानेही बोलला नाही. त्याचेच जास्त लागले.

चूक कुठे झाली ते शोधायला आम्हांला वेळ लागला. एक चूक नव्हती, तीन होत्या. साचा कच्चा होता. मेण नीट बसले नव्हते. काठ कोरडा राहिला होता.

कच्चा साचा

हार्डनर घातल्यावर रेझिन अर्ध्या-पाऊण तासात दह्यासारखे लागते. दुसऱ्या दिवशी ते ठोकले तर टणटण वाजते. आपण म्हणतो, झाले. पण आत काम चालूच असते. रेझिनचे कण एकमेकांचे हात धरीत जातात, तसा माल घट्ट होतो. नव्या साच्यात पुष्कळ कणांचे हात अजून मोकळे असतात. त्यावर होडीचा ओला जेलकोट आला की हे मोकळे हात त्याला धरतात. आणि धरले की सोडीत नाहीत.

शिवाय रेझिन पातळ राहावे म्हणून त्यात स्टायरीन असते. फायबरच्या कामाचा जो उग्र वास येतो तो त्याचाच. साच्यात न मुरलेले स्टायरीन बरेच दिवस हळूहळू बाहेर येत राहते. ते खालून मेणाला मऊ करते. वरून होडीच्या ओल्या रेझिनमधले स्टायरीनही मेणाला पोखरते. मेण दोन्हीकडून कुरतडले जाते.

म्हणून साच्याला मुरायला वेळ द्यायचा. कोरडी, उबदार हवा असेल तर निदान आठवडा. पावसाळ्यात पंधरा दिवससुद्धा कमी पडतात, कारण गारठा आणि ओल यांनी रेझिन पुरते पिकत नाही. घाईच असेल तर ऊब द्यावी. साचा त्याच्या आधाराच्या चौकटीसकट ताडपत्रीखाली झाकून आत विजेच्या हीटरची गरम हवा सोडतात. ऊब हळूहळू वाढवायची, पन्नास-साठ अंशांपर्यंत, आणि काही तास ठेवून हळूहळूच उतरवायची. एकदम तापवला तर साचा वाकतो. उघडी शेगडी, निखारे हे मुळीच नको. स्टायरीनची वाफ पेट घेते.

साचा पिकला की नाही हे कसे ओळखावे? एक तर नाकाने. सकाळी शेड उघडल्याबरोबर साच्याच्या आत तोंड घालून पाहा. वास अजून झोंबत असेल तर थांबा. दुसरी परीक्षा ॲसिटोनची. स्वच्छ फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन साच्याच्या एका कोपऱ्यात घासा. तिथे बोटाला चिकट लागले किंवा चकाकी गेली, तर साचा कच्चा आहे. टणक आणि चकचकीतच राहिला, तर पुढच्या कामाला लागा.

मुरायचे दिवस फुकट घालवू नयेत. साचा पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा. उजेडात आडवा धरून बारीक पाहावा. टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात. होडीचा जेलकोट त्यांत शिरतो आणि आत आकड्यासारखा अडकतो. अशी शेकडो भोके असली तर कितीही मेण लावा, उपयोग नाही. मोठी भोके जेलकोटने भरा. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा. आधी सहाशे नंबरचा, मग आठशे, हजार, बाराशे. शेवटी कंपाउंड लावून पॉलिश करा. हा कामाचा कंटाळवाणा भाग आहे, खोटे कशाला बोला. खांदे दुखतात. पण साच्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला की हात आपोआप चालतो.

एक गोष्ट मात्र साच्याच्या आधीच ठरलेली असते, ती म्हणजे उतार. बादल्या एकीत एक बसतात आणि सुटतात, कारण त्या वर रुंद आणि खाली अरुंद असतात. कुल्फीचा साचाही तसाच. होडीच्या साच्याची बाजू अगदी सरळ उभी असली किंवा वर येताना आत वळलेली असली, तर होडी चिकटली नाही तरी अडकून बसते. असा आकार लागणारच असेल तर साचा दोन तुकड्यांत करतात आणि मधे बोल्ट लावतात. प्लग करणाऱ्या सुताराशी हे आधी बोलून घ्यावे. मागाहून उपाय नाही.

मेण

कसले मेण? मेणबत्तीचे चालत नाही. ते पन्नास-साठ अंशांवर वितळते, आणि रेझिन घट्ट होताना त्याहून गरम होऊ शकते. आपल्या पोळ्याचे मेणही साठ-पासष्ट अंशांवर पातळ होते. या कामाला कार्नाबा मेण लागते. ब्राझील देशात एक जातीचा ताड होतो. त्याच्या पानांवर मेणाचा थर असतो. पाने वाळवून ते झाडून काढतात. हे मेण फार टणक असते आणि ऐंशी अंशांच्या पुढे वितळते. फायबरच्या मालाच्या दुकानात मोल्डचे मेण म्हणून डब्यात मिळते, त्यात हेच असते. मोटार चमकवायचे पॉलिश आणू नये. त्यात बहुधा सिलिकॉन असते. त्याने जेलकोट पसरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल ठिपके सोडून तो मागे सरतो.

आता लावण्याची रीत. दोन हात लांब, दोन हात रुंद एवढाच भाग एका वेळी घ्या. मऊ सुती फडक्यावर थोडे मेण घेऊन गोल गोल फिरवीत पातळ लावा. जाड लावले म्हणजे जास्त चांगले, असे नाही. जाड मेण वरून सुकते आणि आत ओले राहते. थोड्या वेळाने पांढुरका धूसर थर दिसतो. तो दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून चमकवा. मग पुढचा भाग.

असा सगळा साचा झाला की एक हात झाला. दुसरा हात लगेच लावू नका. मेण पातळ करायला त्यात एक द्रव असतो, तो उडून जायला वेळ लागतो. पहिला हात ओला असताना दुसरा चोळला, तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो. तुम्हांला वाटते सहा हात लावले, साच्यावर राहतो एकच. आमच्या त्या होडीत हेच झाले असणार. दोन हातांच्या मधे निदान तासभर जाऊ द्या. तीन-चार हात झाले की रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी पुढचे. नव्या साच्याला सहा ते आठ हात तरी हवेत. जुन्या साच्याला एक पुरतो, म्हणून नव्यालाही पुरेल असे कुणी समजू नये.

आणि काठ! साच्याला बाहेर आडवी वळलेली पट्टी असते. होडीचा माल तिच्यावर हमखास उतरतो. आतला भाग डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याला सगळे मेण लावतात, काठ राहतो. आम्ही आता पहिला हात काठापासूनच सुरू करतो.

मेण बसले का, हे पाहायला रंगाऱ्याची कागदी टेप घ्या. तिचा तुकडा साच्यावर दाबून चिकटवा. मेण चांगले बसले असेल तर तो धरत नाही, बोट लावताच सुटतो. कुठे घट्ट धरला तर तिथे मेण कमी आहे. पंधरा-वीस ठिकाणी करून पाहा. आणखी खात्री हवी असेल तर काठाच्या कोपऱ्यावर वीतभर जागेत जेलकोट आणि एक थर मॅट लावा. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाचरीने उचलून पाहा. चटकन उडाला तर ठीक. धरला तर वीतभर काठाचे नुकसान झाले, होडी तरी वाचली.

पहिल्या तीन-चार होड्यांना मेणावर आणखी एक पडदा लागतो. त्याला पी.व्ही.ए. म्हणतात. पूर्ण नाव पॉलिव्हिनाईल अल्कोहोल. नावात अल्कोहोल आहे म्हणून शेडमध्ये थट्टा होते, पण ती पिण्याची वस्तू नाही. पाण्यासारखे हे द्रव साच्यावर फवारले की सुकून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा होतो. स्टायरीन त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही. पहिला फवारा अगदी विरळ, धुक्यासारखा मारावा. तो सुकला की त्यावर जरा भरीव असे दोन. फवारणीचे यंत्र नसेल तर स्पंजाने पुसत लावतात, पण रेघा उमटतात.

इथे एक फसगत होते. सुतार ज्या पांढऱ्या गोंदाने लाकूड चिकटवतात त्यालाही पुष्कळ लोक पी.व्ही.ए. म्हणतात. तो वेगळा. तो पॉलिव्हिनाईल ॲसिटेट, चिकटवायचा माल. दुकानात नुसते “पी.व्ही.ए. द्या” म्हटले तर तोही हातात पडेल. डब्यावरचे नाव वाचून घ्या. साचा सोडवायचा माल, असे विचारा.

हा पडदा पाण्यात विरघळतो. तो गुणही आहे आणि दोषही. दोष असा की कपाळाचा घाम टपकला किंवा कौलातून पाण्याचा थेंब पडला, तर तेवढी जागा उघडी पडते. दमट हवेत तो लवकर सुकत नाही. वरून सुकल्यासारखा वाटतो, बोट लावले की सरकतो. तेव्हा पावसाच्या दिवसात गरम हवा फिरवूनच तो सुकवावा. नाही सुकला तर काम उद्यावर टाकावे.

होडी लावताना

औषधाचे प्रमाण सांभाळा. एक किलो रेझिनला हार्डनर साधारण दहा ते वीस ग्रॅम. उन्हाळ्यात कमी, गारठ्यात जास्त. दहाच्या खाली गेलात तर माल कच्चा राहतो, आणि कच्चा माल चिकटतो. फार घातले तर उलटेच होते. जेलकोट भराभर आकसतो आणि मॅट चढवण्याआधीच साच्यापासून जागोजागी सुटून फुगतो. म्हणजे फार निसटतेही कामाचे नाही! जेलकोट सगळीकडे सारखा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असावा. पातळ राहिला तर त्यावर सुरकुत्या पडतात. मॅटचे सगळे थर एका दमात चढवू नयेत. जाड थर फार तापतो, त्या उष्णतेने खालचे मेण मऊ होते. पहिला थर आज, बाकीचे उद्या, असे करावे.

आता दोन गोष्टी जिवाच्या आहेत. हार्डनर डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या बाटलीला हात लावू नका. उडालाच तर त्याच क्षणी पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. दुसरी गोष्ट कोबाल्टची. रेझिन लवकर लागावे म्हणून त्यात जांभळट रंगाचे कोबाल्ट घालतात. कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन एकमेकांत सरळ कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पुरते ढवळून घ्यावे, मग हार्डनर घालावा. दोहोंना एक मापटे वापरू नये. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले येते. तसे डब्यावर लिहिलेले असते. आमच्याकडच्या एका गड्याला वाचता येत नव्हते. तो डबे रंगावरून ओळखायचा. कंपनीने डब्याचा रंग बदलला त्या दिवशी त्याच्या हातून काय होणार होते, ते मेस्त्रींनी वेळेवर पाहिले म्हणून टळले. तो आता रात्रीच्या वर्गाला जातो.

सोडवताना

होडी साच्यात निदान एक दिवस राहू द्या. पावसाळ्यात दोन. लवचीक असताना ओढली तर ती वेडीवाकडी होते आणि फाटते. रेझिन घट्ट होताना थोडे आकसते. हे आपल्या फायद्याचे. साचा बाहेर आणि होडी आत, म्हणून होडी आकसून साच्यापासून आपणच दूर होऊ पाहते. प्लगवरून साचा काढताना उलटे असते. तिथे साचा आकसून प्लगला आवळतो, म्हणून ते काम अवघड जाते.

पाचरी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या. स्क्रू ड्रायव्हर नको, पहार तर नकोच. एका जागी जोर न लावता काठाभोवती हातहातभर अंतरावर पाचरी थोड्या थोड्या सरकवीत जा. फट दिसली की तिच्यात पाणी सोडा. पी.व्ही.ए.चा गुण तो हा. पाणी आत झिरपते, पडदा विरघळतो आणि वाट मोकळी होते. रबरी हातोड्याने बाहेरून हलके ठोकत राहा. धरलेल्या जागी आवाज बद्द येतो, सुटलेल्या जागी पोकळ. साचा करतानाच तळाला एक बारीक भोक ठेवून ते मेणाने बुजवले असेल, तर तिथून हवेच्या पंपाने दाब द्या. होडी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज करून वर येते.

आणि नाहीच सुटली तर? पाणी भरून रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा हवा, पुन्हा पाचरी. तरी धरून बसली असेल, तर मन घट्ट करून ठरवावे की होडी द्यायची, साचा राखायचा. आतून होडीला काप घ्यायचे, पण साच्यापर्यंत पाते जाऊ द्यायचे नाही. एकेक पट्टी करून ती सोलून काढायची. साच्याला चार ओरखडे आले तर ते भरता येतात. आम्ही त्या वेळी उलटे केले. होडी वाचवायला गेलो.

पहिल्या तीन-चार होड्या निर्धास्त निघाल्या की पी.व्ही.ए. बंद करता येते. मग काही होड्यांपर्यंत दर वेळी मेणाचा एक हात, आणि पुढे तीन-चार होड्यांनी एक. होडी काढताना कुठे जरा ओढल्यासारखे वाटले, तर तिथे पुन्हा दोन हात द्यावे. साचा रिकामा ठेवायचा असेल तर मेण लावून, कापड झाकून, सावलीत, सपाट आधारावर ठेवावा.

आमच्या शेडमध्ये आता दर साच्याची एक वही आहे. दोरीने साच्यालाच बांधलेली. ज्याने काम केले त्यानेच तिच्यात लिहायचे, मेस्त्रींनी नव्हे. अक्षर वाकडे असले तरी चालते. नव्या साच्याच्या वहीचे पहिले पान असे आहे:

साचा उतरवला, सोमवार. वास येतो.
दुसरा सोमवार. वास थोडा. ॲसिटोनने चिकट.
तिसरा सोमवार. वास नाही. ॲसिटोन ठीक.
मेण, काठासकट. मंगळवार ४ हात. बुधवार ४ हात. टेप १८ ठिकाणी, २ ठिकाणी धरली. तिथे परत २ हात.
गुरुवार. पी.व्ही.ए. ३ फवारे. पाऊस, गरम हवा दिली.
शुक्रवार जेलकोट आणि मॅट १. शनिवार बाकी मॅट.
सोमवार सकाळी ९ ला पाचरी. साडेनऊला सुटली.